निवांत या शब्दातला वारा

भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास जिन्यात आला की मला जपान आठवतं. हे मी सहसा कोणाला सांगत नाही, कारण ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग हळूच आईकडे, की हिचं सगळं ठीक आहे ना. पण आहे ते असं आहे. यंदाही होळी जवळ आली, नाशिकरोडच्या हातगाड्यांवर द्राक्षांचे ढीग लागले, सकाळची थंडी अजून पुरती गेलेली नाही आणि दुपारी मात्र गच्चीची फरशी पायाला चटके देते. आईने गहू भिजत घातले. तीन दिवस पाणी बदलायचं, मग वाटायचे, गाळायचे, चीक बसू द्यायचा आणि सकाळी लवकर उठून तो शिजवून कुरडया घालायच्या. आईचे गुडघे दुखतात, डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलंय. "डॉक्टरला कुरडया लागत नसतील तळलेल्या," असं म्हणून ती कठड्याला धरून वर येतेच.

वर आलं की पहिलं काम वाऱ्याकडे बघायचं. आई ओला हात वर धरते आणि सांगते, आज कापड कुठल्या भिंतीच्या आडोशाला टाकायचं. वारा हवा, पण बेतानं. फार सुटला तर धूळ बसते आणि जुन्या धोतराची टोकं उडून कुरडयांवर येतात. अजिबात नसला तर वरून नुसतं ऊन मारतं, आतून ओल राहते आणि आठवड्याने डब्याला वास येतो. माझं पोटपाणी या वाऱ्यावरच चालतं. कारखान्याच्या धुराड्यातून निघालेला धूर कोणाच्या गच्चीवर उतरेल, याची गणितं मी करते. आईला त्यात फारसं नवल वाटत नाही. तिच्या मते ते गणित तिलाही येतं, फक्त तिला त्याचा पगार नाही.

ज्या मार्चची आठवण येते, त्या वर्षी मी पीएचडीचा प्रबंध लिहायला घरी येऊन बसले होते. अणुवीज केंद्रात अपघात झाला, तर बाहेर पडलेलं किरणोत्सर्गी द्रव्य हवेतून कुठे जाईल, कधी पोचेल, किती विरेल, कुठे जमिनीवर बसेल, हे संगणकावर मांडायचं हा माझा विषय. आई शेजारी सांगायची, "ती वाऱ्याचं काहीतरी करते." बाबा सांगायचे, "हवामान खात्यात लागेल." बाबा रेल्वेत गार्ड होते, सगळी नोकरी मनमाडला काढून रिटायर झाल्यावर इथे आले. त्यांना माझ्या विषयात एकच प्रश्न पडायचा. "असला अपघात होतो कधी? नाही ना? मग कशाला?"

एकदा त्यांना समजावायला मी मिरचीचा आधार घेतला. आई स्वयंपाकघरात मिरच्यांची फोडणी करते, खकाणा उठतो, आणि घरात कोण आधी खोकणार हे ठरलेलं असतं. बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारे बाबा आधी, कारण मागचं दार उघडं असलं की वारा खकाण्याला घेऊन सरळ त्यांच्याकडे येतो. मी आतल्या खोलीत असते, मला उशिरा आणि कमी. आईला काहीच होत नाही, तो तिचा अनुभव. "तर बाबा, माझं मॉडेल म्हणजे कोणाला कधी ठसका लागणार ते आधी सांगणं. त्याला तीन गोष्टी लागतात. कढईत मिरच्या किती पडल्या, वारा कुठून कुठे, आणि दारंखिडक्या उघड्या की बंद." बाबांनी थोडा विचार केला. "म्हणजे टाइमटेबल," ते म्हणाले. "ठसका राइट टाइम की लेट."

चौथी गोष्ट मी तेव्हा सांगितली नव्हती, पाऊस. हवेत तरंगणारं जे पुढे निघून गेलं असतं, ते पाऊस धुऊन खाली आणतो आणि मग ते त्या मातीत राहतं. पण घरातल्या मिरचीवर पाऊस कसा पाडणार?

आणि मग त्या शुक्रवारी दुपारी टीव्हीवर जपान हलायला लागलं.

माझी ताई तिथे होती. ताई, भाऊजी आणि त्यांची काही महिन्यांची मुलगी, जिला आम्ही अजूनही चिऊच म्हणतो. त्यांचं गाव टोकियोच्या वरच्या अंगाला, आणि ज्या अणुवीज केंद्राचं नाव दोन दिवसांत सगळ्या जगाला पाठ झालं त्याच्या दक्षिणेला. समुद्राच्या लाटेपासून लांब. सरकारने रिकाम्या करायला लावलेल्या भागाच्याही पुष्कळ बाहेर. भूकंपात घरातली भांडी पडली, कपाट तिरकं झालं, माणसं सुखरूप. संध्याकाळपर्यंत निरोप आला आणि आईने देवापुढे साखर ठेवली. आम्हाला वाटलं, सुटलो.

पण केंद्रातली एक इमारत फुटताना टीव्हीवर दिसली, मग आणखी एक. "कशाला?" हा त्यांचा प्रश्न त्या दिवसापासून बंद झाला. मला मात्र तो प्रश्न परत हवा होता. आपला विषय कधीच उपयोगाला येऊ नये असं वाटणारी माणसं जगात थोडी असतील, त्यात मी आहे.

माझा इंटरनेटचा डोंगल घरात रेंज धरायचा नाही, गच्चीवर बरा चालायचा. म्हणून मी छत्रीखाली खुर्ची टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन वरच बसायची. भोवती धोतरावर पांढऱ्या कुरडया, पलीकडे साबुदाण्याच्या पापड्या. बाबा डोक्याला टॉवेल बांधून कावळ्यांवर पहारा करायचे. त्यांच्या हातात नोकरीतून घरी आलेला हिरवा झेंडा असायचा. आई ओरडायची, "अहो, हिरवा दाखवल्यावर कावळे येणारच की. लाल दाखवा." बाबा म्हणायचे, लाल सापडत नाही. त्या दिवसांत आमच्या घरात एवढाच विनोद शिल्लक होता आणि तो आम्ही रोज करत होतो.

ताईचा फोन आला तेव्हा नाशिकला दुपार होती. आवाज कापत नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. ताई घाबरली की बडबडते. खूप घाबरली की मोजकं बोलते.

"तू हेच शिकतेस ना?" ती म्हणाली. "मग सांग. थांबू की निघू?"

मागून भाऊजी बोलले. ओळखीच्या एका कुटुंबाची गाडी उद्या सकाळी दक्षिणेकडे, ओसाकाला निघणार होती. तिघांना जागा होती. त्या गाडीपर्यंत मात्र बाळाला घेऊन चालत जायचं होतं, आणि मग पेट्रोलसाठी तासन्तास रांगेत उघड्यावर थांबायचं होतं. परवा दुसरी गाडी मिळेल का, ते त्यांना माहीत नव्हतं. "इथलं सरकार काय सांगतंय ते निम्मं कळतंय, निम्मं नाही," भाऊजी म्हणाले. "तू सांग. आम्हाला वाऱ्यावर सोडू नकोस." ते अगदी सरळपणाने म्हणाले. मला मात्र तो शब्द टोचला, कारण वाऱ्यावर काय सोडलं गेलंय हेच मी त्या वेळी पडद्यावर बघत होते.

कढईत मिरच्या किती पडल्या, हे जगात कोणालाच नक्की माहीत नव्हतं. केंद्रातून किती काय बाहेर पडलं याचा आकडा नसला, की आमच्या धंद्यात एक युक्ती करतात. एक धरायचा. समजा एक मिरची पडली, तर ती कुठे जाईल, कधी जाईल? किती ते कळत नाही, पण केव्हा आणि कुठे ते कळतं. मोठमोठ्या संस्थांकडे मोठी मॉडेलं चालू होती, माझं त्यांच्यापुढे खेळण्यातलं. पण ताई त्यांना फोन करू शकत नव्हती, मला करू शकत होती. मी जगभरासाठी फुकट मिळणारा वाऱ्याचा अंदाज उतरवून घेतला आणि माझी एक मिरची सोडली.

पडद्यावर त्या मिरचीचे ठिपके समुद्राकडे निघाले. पश्चिमेचा वारा, म्हणजे पश्चिमेकडून येणारा, सगळं पूर्वेला समुद्रावर नेत होता, आणि तिथे शेकडो कोस माणूस नाही. माझ्या जिवाला जरा बरं वाटतंय तोच पडद्यावरची घड्याळं पुढे सरकली आणि वारा फिरला. उद्या पहाटेपासून ईशान्येचा. ठिपके किनारा धरून खाली उतरले आणि सकाळी, पेट्रोलच्या रांगेच्या वेळी, ताईच्या गावावरून गेले. दुपारनंतर वारा परत फिरत होता आणि जोरही धरत होता. परवा पुन्हा सगळं समुद्राकडे.

"पक्कं आहे का?" बाबा कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलं नव्हतं.

"पक्कं काही नसतं बाबा. वारा उशिरा फिरला तर? परवापर्यंत तिकडे आणखी काही फुटलं तर? मी थांबवलं आणि ती अडकली तर?"

बाबांनी झेंड्याने एक कावळा हुसकावला. "गार्डला पुढचं कधीच दिसत नाही," ते म्हणाले. "तो बसतो शेवटच्या डब्यात. दिसतंय तेवढं नीट बघायचं आणि झेंडा दाखवायचा. न दाखवता गाडी उभी ठेवली, तर तेही आपणच ठरवलेलं असतं."

मी ताईला फोन केला. उद्या घराबाहेर पडू नका. खिडक्या बंद, पंख्याची भोकं बंद, दाराच्या फटीला ओले टॉवेल. परवा निघा. सरकारने तुमचं गाव खाली करायला सांगितलं, तर मात्र माझं काही ऐकू नका. ताई म्हणाली, "बरं." एवढंच. ती माझ्यापेक्षा मोठी आहे आणि तिने जन्मात पहिल्यांदा माझं एका दमात ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा दुसऱ्या खेपेचा चीक शिजायचा होता. जग इकडचं तिकडे होवो, गाळून बसलेला चीक थांबत नाही, नासतो. खाली राहणाऱ्या काकू मदतीला आल्या. त्या माहेरच्या सटाण्याकडच्या, आणि घाबरल्या की त्यांच्या तोंडून माहेरची बोली निघते. "हाई काय शे बाई," त्या म्हणाल्या, "तिकडलं विष हवेतून इकडे येऊन राहिलंय म्हणे, वाळवण उघड्यावर घालू नका म्हणे." मोबाइलवर फिरणारा मेसेज त्यांनी मला दाखवला. मी जरा तुसडेपणानेच सांगितलं, की काकू, तिथला वारा आपल्याकडे पाठ करून वाहतो, इथवर यायला त्याला अख्खी पृथ्वी फिरावी लागेल, आणि तोवर त्यात काही उरणार नाही. तुम्ही बिनधास्त घाला. काकूंना पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी सोऱ्या हातात घेतला.

मला चीक हाटायला बसवलं होतं. एका हातात लाकडी पळी, समोर ओट्यावर फोन. तिकडे तेव्हा दुपार व्हायला आली होती. मॉडेलप्रमाणे आता वारा जोर धरायला हवा होता. मी ताईला चॅटवर दोन ओळी टाकल्या. पहिली, "वारा कसा आहे गं?" तिच्याखाली दुसरी, "चिऊ?"

उत्तर आलं. "निवांत आहे. नंतर बोलते."

आणि ताई ऑफलाइन.

निवांत. इतर कोणी हे वाचून सुस्कारा टाकला असता. आम्ही नाशिककर तर या शब्दावर जगतो. कसं काय, निवांत. कुठे निघालात, निवांत. पण या शब्दाच्या पोटात वारा आहे. नि-वात, जिथे वारा नाही ते निवात, त्याचंच निवांत झालं. जुन्या लोकांना वादळाची भीती, त्यामुळे वारा नसणं हेच त्यांना सुख वाटलं असणार. माझ्या धंद्यात नेमकं उलटं. वारा पडला की हवेतलं सगळं असेल तिथे थांबतं, साचतं, श्वासातून जात राहतं. मी विचारलं होतं वारा कसा आहे, आणि ताई म्हणत होती, वारा नाही.

सकाळी आलेलं ते सगळं आता तिच्या घरावर थांबलंय. असाच मी त्याचा अर्थ लावला. पळी तशीच पातेल्यात सोडून मी गच्चीवर पळाले. वारा शून्य धरून मॉडेल पुन्हा चालवलं, तर ठिपक्यांचा पुंजका ताईच्या गावावर आला आणि तिथेच बसला. हलेना. त्यात संध्याकाळी तिकडे पावसाचा अंदाज. फोन लावला, लागत नाही. परत लावला, लागत नाही. जे गाडीतून जाणार होते ते या वेळेला कितीतरी लांब पोचले असतील, आणि मी माझ्या बहिणीला, माझ्या भाचीला, ओले टॉवेल लावून घरात कोंडून ठेवलंय. मी रडत होते हे मला बाबांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते हातात झेंडा घेऊन नुसते उभे होते आणि एक कावळा खुशाल कुरडई खात होता.

ताईचा फोन आला तेव्हा धोतर जवळजवळ भरलं होतं.

"अगं किती मिसकॉल," ती म्हणाली. "झोपले होते. चिऊला कुशीत घेऊन मीही झोपले, दोन दिवसांनी."

"वारा पडलाय ना?" मी ओरडले. "कधीपासून पडलाय?"

"पडलाय? कोण म्हणालं?"

"तूच. निवांत आहे म्हणालीस."

मग ताई हसायला लागली, आणि हसता हसता तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "अगं वेडे, चिऊ. चिऊ निवांत आहे. वारा कसला पडतोय, मघापासून नुसता घोंघावतोय. समोरच्या घराची कौलं भूकंपात गेली, त्यावर त्यांनी निळी ताडपत्री टाकलीय, ती फाटेल की काय असं वाटतंय. थांब, ऐक."

तिने फोन बंद खिडकीच्या काचेला लावला असणार. मला ऐकू आलं. फड, फड, फड, फडाफडा. मी फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला. आई, काकू, बाबा, आम्ही चौघं एका परक्या देशातल्या ताडपत्रीचा आवाज ऐकत उभे राहिलो. आईने कोपरापर्यंत चिकाने माखलेले हात जोडले. माझा जीव भांड्यात पडला, आणि भांड्यात उरलेला चीक मात्र तोवर गाठींचा झाला होता. आईने तो मला वाटीत तेल-मीठ घालून दिला. गार, गाठाळ, आणि इतकं चवदार मी त्या महिन्यात काही खाल्लं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आकाश उघडलं, वारा समुद्राकडे लागला, आणि ते तिघं गाड्या बदलत बदलत ओसाकाला पोचले. काही आठवड्यांनी परतले. त्यांच्या गावात त्या सकाळी खरंच थोडं येऊन गेलं होतं, नंतर मोजणाऱ्यांनी मोजलं. थोडं. काळजी करण्यासारखं नव्हे. रांगेत उभे राहिले असते तरी कदाचित फार काही झालं नसतं, हेही मला आता माहीत आहे. पण सुटल्याचं सुख माणसाला काय होऊ शकलं असतं यावर होतं, नंतरच्या हिशेबावर नाही.

एक मात्र सांगायला हवं. ताईची ताडपत्री फडफडवणारा तो वारा जिथे गेला, तिथेही माणसं होती. त्या दुपारी तो फिरून केंद्राच्या वायव्येला डोंगरातल्या गावांकडे वळला आणि तिथे पाऊस आणि बर्फ पडत होता. तिथल्या शेतांवर जे उतरलं ते राहिलं, आणि माणसांना घरंदारं, गुरं सोडून जावं लागलं. आम्ही गच्चीवर हात जोडले तेव्हा त्यांच्याकडे ढग भरून येत होते. आमच्याकडचा वारा फिरला म्हणजे कोणाच्या तरी दिशेने फिरला. कुरडया तळल्या की हे एकदा मनात येऊन जातंच. मग मी खाते.

त्या दिवशीच्या कुरडया फुलल्या नाहीत धड. गाठी होत्या ना. बाबा दर वेळी ताटात एक उचलून उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, "ही जपानची."

यंदा चिऊ आलीय. तिकडे शाळांचं वर्ष मार्चमध्ये संपतं, सुट्टी लागते, आणि या वर्षी तिने हट्ट धरला की एकटी येणार. माझ्या खांद्याच्या वर गेलीय. मराठी बोलते, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी जरा मान लववते, त्यामुळे काकू तिच्यावर भलत्या खूश आहेत. आज सकाळी चीक तिने हाटला, एक गाठ होऊ दिली नाही. आईने तिला सोऱ्या दिला. पहिल्या कुरडया अंडाकृती, मग गोल.

बाबा खुर्चीत होते, कानाला आता कमी ऐकू येतं, झेंडा मांडीवर. आई म्हणाली, "अहो, लाल." बाबा म्हणाले, सापडत नाही. चिऊला हा विनोद कळला नाही, पण ती हसली. मग दहाच्या सुमाराला वारा सुटला, धोतराचं एक टोक उडालं आणि आई ओरडली, "दगड ठेव, दगड." चिऊने आजूबाजूला बघितलं, दगड दिसेना, तर पोरगी सरळ त्या टोकावर आडवी झाली. डोळ्यांवर हात घेऊन. आणि बघता बघता तिथेच झोपली, विमानाची झोप अजून पुरी व्हायची होती.

तेवढ्यात ताईचा फोन.

"काय करतेय गं चिऊ?"

"निवांत आहे," मी म्हणाले, आणि म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

ताईने अगदी हळू विचारलं, "आणि वारा?"

"थांब," मी म्हणाले. "ऐक."

आणि फोन धोतराच्या दुसऱ्या, फडफडणाऱ्या टोकाजवळ धरला.